बाउस्व्हेरचे चर्च: सपाट भिंतींआड दडवलेले छत

कोपनहेगनच्या वायव्येला बाउस्व्हेर नावाचे उपनगर आहे. तेथे १९७६ साली पूर्ण झालेले लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे, चर्च रस्त्यावरून पाहिले, तर ते चर्च आहे हे सहसा कोणाच्या लक्षातही येणार नाही. उंच मनोरा नाही, टोकदार कमानी नाहीत, रंगीत काचा नाहीत. पांढुरक्या प्रीकास्ट (आधीच साच्यात ओतून आणलेल्या) काँक्रीटचे सपाट पृष्ठभाग, वरच्या भागात चकाकी असलेल्या पांढऱ्या टाइल्स, पायऱ्यापायऱ्यांनी चढून पुन्हा तशीच उतरणारी माथ्याची कड आणि रस्त्याकडे जवळजवळ एकही खिडकी नाही, असे हे बाह्यरूप आहे. धान्याचे कोठार किंवा एखादा कारखाना यांच्याशी त्याची तुलना पूर्वीपासून होत आली आहे आणि ती अन्यायकारक म्हणता येत नाही. आत मात्र डोक्यावर काँक्रीटचे एक पातळ, पांढरे, सतत वळत जाणारे छत आहे, ज्याचा बाहेरून मागमूसही लागत नाही.

या इमारतीचा वास्तुकार डेन्मार्कचा योर्न उत्झन, म्हणजेच सिडनी ऑपेरा हाउसचा कर्ता. सिडनीत ज्याने छतालाच इमारतीची ओळख बनवले, त्याने त्यानंतरच्या आपल्या महत्त्वाच्या कामात छत संपूर्णपणे आत का लपवावे, हा या प्रकरणाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा उत्झनच्या काव्यात्म दृष्टीत किंवा त्याच्या पौर्वात्य अभ्यासात शोधले जाते. मला ते उत्तर रचनेत, पैशाच्या मर्यादेत आणि डॅनिश लुथरन उपासनेच्या प्रत्यक्ष गरजांत अधिक नेमकेपणाने सापडते, आणि पुढील विवेचन त्याच अंगाने केले आहे.

काम कसे आले

उत्झनने १९५७ मध्ये सिडनीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा त्याने काढलेल्या छताच्या कवचांना निश्चित भूमिती नव्हती. ती मुक्त हाताने काढलेली वळणे होती आणि ती बांधायची कशी, हे ठरायला १९६१ उजाडले. सगळी कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची, म्हणजे त्यांच्या बरगड्या सारख्या साच्यांतून ओतता येतील, हा मार्ग त्या वर्षी सापडला. तोपर्यंत पायाचे काम सुरू होऊन गेले होते, खर्च वाढत होता, राजकारण तापत होते. न्यू साउथ वेल्समध्ये सरकार बदलल्यावर बांधकाममंत्री डेव्हिस ह्यूज यांच्याशी शुल्कावरून आणि अधिकारांवरून वाद झाला आणि २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झन या कामातून बाहेर पडला. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अंदाजाने सुरू झालेली ती इमारत १९७३ मध्ये उघडली तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. उत्झनने ती पूर्ण झालेली कधीच पाहिली नाही.

मायदेशी परतलेल्या या माणसाकडे मोठी कामे रांग लावून आली नाहीत. बाउस्व्हेरच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या सदस्यांच्या समुदायाने, मात्र त्याला बोलावले. या गावातले जुने चर्च सोळाव्या शतकात, धर्मसुधारणेच्या काळात पाडले गेले होते आणि तेव्हापासून गावाला स्वतःचे चर्च नव्हते. स्थानिक पाळकांनी उत्झनच्या कामाच्या प्रदर्शनात एका चर्चचे रेखाटन पाहिले आणि त्यातून हा संबंध जुळला, असे सांगितले जाते. पहिली रेखाटने १९६८ ची आहेत. प्रत्यक्ष इमारत उभी राहायला त्यानंतर आठ वर्षे गेली, आणि त्यातला बराच काळ परवानग्यांत आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात गेला.

येथे डॅनिश चर्चची व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. डेन्मार्कने १५३६ मध्ये लुथरन मत स्वीकारले आणि १८४९ च्या राज्यघटनेने या चर्चला लोकांचे चर्च म्हणून मान्यता देऊन त्याला राज्याचा आधार दिला. सदस्यांकडून चर्चकर घेतला जातो, स्थानिक पातळीवर मंडळीची निवडून आलेली समिती कारभार पाहते आणि नवे चर्च बांधायचे तर सरकारी संमती लागते. म्हणजे उत्झनचा येथला ग्राहक एखादा धनाढ्य आश्रयदाता नव्हता आणि प्रतिष्ठेचे स्मारक हवे असलेले सरकारही नव्हते. तो होता हिशेब देण्यास बांधील असलेला उपनगरातील लोकांचा गट. (हेच डॅनिश लुथरन चर्च मराठी इतिहासात एका बाजूच्या दाराने येऊन गेले आहे: डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मिशनऱ्यांनी १७०६ पासून तंजावरच्या मुलखातील तरंगंबाडी येथे काम सुरू केले, आणि त्याच मिशनमध्ये हिंदुस्थानात आलेला ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्त्स पुढे तंजावरच्या सरफोजी राजांचा पालक व शिक्षक झाला.)

जागा आणि मागणी

मिळालेला भूखंड लांबट आणि अरुंद होता, आणि शेजारून वर्दळीचा रस्ता जात होता. मागणी फक्त उपासनागृहाची नव्हती. पाळकांची कार्यालये, दृढीकरणाच्या (मुलामुलींनी बाप्तिस्म्याच्या श्रद्धेला मोठेपणी दुजोरा देण्याच्या विधीच्या) आधी त्यांना शिकवण्याचे वर्ग, मंडळीच्या बैठकींचे दालन, स्वयंपाकघर, तरुणांसाठी जागा, असा सगळा पसारा एकाच इमारतीत बसवायचा होता. डेन्मार्कमध्ये उपनगरातील चर्च हे रविवारी तासभर उघडणारे ठिकाण नसते. आठवड्याचे बाकीचे दिवस तेथे समाजकेंद्राचे काम चालते आणि जागेचा मोठा हिस्सा त्यालाच लागतो.

उत्झनने भूखंडाच्या लांबीला समांतर अशा दोन मार्गिका दोन्ही कडांना टाकल्या. प्रत्येक मार्गिका म्हणजे काँक्रीटच्या खांबांच्या दोन ओळी आणि त्यांच्यामधली चालण्याची अरुंद जागा, वर काचेचे छप्पर. या दोन मार्गिकांच्या मधल्या पट्ट्यात प्रवेश, उपासनागृह, कार्यालये, वर्ग आणि सभादालन अशा खोल्या एकामागून एक ओवल्या, आणि मध्येमध्ये आकाशाला उघडी छोटी अंगणे ठेवली. सगळ्याला माप एकच, २.२ मीटरच्या चौकटीचे. खांबांमधल्या मोकळ्या जागा प्रीकास्ट फलकांनी भरल्या. ही पद्धत शेतीच्या किंवा कारखान्याच्या इमारतींत रोज वापरली जाणारी, कोणत्याही डॅनिश ठेकेदाराला ठाऊक असलेली आणि स्वस्त होती. चीनमधील अकराव्या-बाराव्या शतकातील सोंग काळातल्या इमारत-नियमावलीचा उत्झनने तरुणपणापासून अभ्यास केला होता. ठरावीक मापाच्या थोड्या घटकांपासून अनेक प्रकारची बांधणी कशी साधायची हे त्याने तिच्यातून उचलले, आणि स्वतःच्या कामाला तो ‘बेरजेची वास्तुकला’ म्हणत असे. बाउस्व्हेरचा आराखडा पाहिला तर ही बेरीज डोळ्यांनी मोजता येते.

चर्चच्या कुळकथेत जे चित्र नेहमी पुढे केले जाते ते वेगळेच आहे. उत्झन हवाई बेटांवर शिकवत असताना समुद्रकिनाऱ्यावर पडून ढगांच्या रांगा पाहत होता आणि त्याला चर्चचे छत सुचले, अशी ती हकीकत. तिच्याशी जोडलेली दोन रेखाटने प्रसिद्ध आहेत. पहिल्यात किनाऱ्यावर माणसांचे पुंजके आहेत, त्यांच्यावर ढग तरंगत आहेत. दुसऱ्यात तीच माणसे एका दिशेने चालली आहेत, ढगांचे छत झाले आहे आणि टोकाला क्रूस आहे. रेखाटने सुंदर आहेत यात शंका नाही. पण वास्तुकारांच्या अशा प्रेरणाकथा ऐकताना एक गोष्ट विसरू नये: ढग पाहणारे पुष्कळ असतात आणि ढगांसारखी छते काढणारेही कमी नसतात. बाउस्व्हेरचे वैशिष्ट्य त्या ढगांचे पुढे काय झाले यात आहे.

छत प्रत्यक्षात काय करते

या छताला वळणे असल्यामुळे त्याला सर्रास घुमट-कमानींच्या वंशात बसवले जाते. पारंपरिक दगडी कमान ज्या दिशेने वळते त्याच दिशेने अंतर ओलांडते. तिचे वजन वळणावरून दोन्ही टोकांकडे सरकते, टोकांना बाहेरच्या बाजूला रेटते आणि तो रेटा झेलायला जाड भिंती किंवा आधारभिंती लागतात. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या बाहेर दिसणारे सगळे तिरपे आधार या रेट्यासाठीच आहेत.

बाउस्व्हेरमध्ये तसे नाही. छताची वळणे इमारतीच्या लांबीच्या दिशेने, प्रवेशाकडून वेदीकडे जाताना दिसतात; पण छत अंतर ओलांडते ते आडव्या दिशेने, एका मार्गिकेपासून दुसऱ्या मार्गिकेपर्यंत, म्हणजे साधारण १८ मीटर. वळणाच्या दिशेला काटकोनात गेले की प्रत्येक रेषा सरळ आहे. म्हणजे रचनेच्या दृष्टीने हे छत पन्हाळी पत्र्यासारखे वागते: सपाट पत्रा स्वतःच्या वजनानेच वाकतो, तोच पन्हाळी केला की लांब अंतरावर ताठ राहतो, कारण द्रव्य तेवढेच राहूनही त्याची उंची वाढलेली असते. काँक्रीटचे कवच ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे असूनही १८ मीटर ओलांडू शकते ते यामुळे. सपाट स्लॅबने एवढे अंतर पार करायचे ठरवले असते, तर खाली मीटरभर किंवा त्याहून खोल तुळया ठराविक अंतराने द्याव्या लागल्या असत्या आणि उपासनागृहाला एखाद्या गोदामाचे रूप आले असते.

आता मार्गिकांचे काम स्पष्ट होते. त्या केवळ ये-जा करण्याच्या वाटा नाहीत. खांबांच्या दोन ओळी आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया मिळून एक रुंद, ताठ चौकट बनते आणि कवचाची टोके तिच्यावर विसावतात. चौकटीला रुंदी असल्यामुळे वाऱ्याचा आडवा दाबही तीच घेते. एकाच रचनेने वाट, भार, ताठपणा आणि, पुढे सांगितल्याप्रमाणे, उजेड असा चौपट उपयोग करून घेतला आहे. उपासनागृहात एकही खांब नाही, आणि त्यासाठी बाहेरून एकही आधार जोडलेला नाही.

बांधण्याची पद्धतही तपासण्यासारखी आहे. छेदातील (इमारत लांबीच्या दिशेने उभी कापली तर दिसणाऱ्या रेषेतील) प्रत्येक वळण वेगवेगळ्या त्रिज्यांच्या वर्तुळखंडांनी बनलेले आहे, आणि आडव्या दिशेने सगळे सरळ असल्यामुळे सेंटरिंगला सरळ फळ्या पुरतात. दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग असता तर सुतारांना प्रत्येक फळी वेगळी तासावी लागली असती. फळ्यांवर सळयांची व तारेची जाळी बसवून काँक्रीट दाबाने फवारले गेले. आपल्याकडे धरणांच्या आणि बोगद्यांच्या कामांत ज्याला गनाइटिंग म्हणतात तीच ही रीत. फवारलेले काँक्रीट जागेवर चिकटून राहत असल्याने उभ्या-तिरप्या भागांवर वरच्या बाजूचे दुसरे शटरिंग लागत नाही. पातळ कवचाच्या कामात शटरिंगचा खर्च काँक्रीटच्या खर्चाहून जड पडतो, हे लक्षात घेतले तर या दोन निर्णयांचे आर्थिक वजन कळते. फळ्यांच्या खुणा खालून, पांढऱ्या रंगाखालीही दिसतात, आणि त्या गिलाव्याने झाकल्या नाहीत हे मला योग्य वाटते. त्यामुळे आकाराला मोजमाप मिळते, नाहीतर एवढा शुभ्र वळणदार पृष्ठभाग किती दूर आहे याचा अंदाजच आला नसता.

सिडनीशी तुलना येथे अटळ आहे. तेथे आकार आधी आला आणि भूमिती चार वर्षांनी. येथे भूमिती आणि बांधण्याची रीत आकाराबरोबरच आली. उत्झनने सिडनीचा धडा घेऊन मुद्दाम असे केले, की वयाबरोबर त्याची पद्धतच बदलली होती, हा प्रश्न चरित्रकारांकडे सोपवता येईल. हिशेब देणाऱ्या मंडळीला मात्र या बदलाचा थेट फायदा झाला.

उजेड आणि आवाज

उपासनागृहात उजेड डोळ्यांच्या पातळीवरून येत नाही. त्याचे एक कारण शेजारचा रस्ता. मार्गिकांवरच्या काचेच्या छपरातून उजेड खाली उतरतो आणि बाजूच्या भिंतींच्या वरच्या भागातील मोकळ्या जागांतून आत झिरपतो, त्यामुळे दोन्ही कडा उजळ राहतात आणि छत त्यांच्यावर टेकलेले असूनही सुटे वाटते. दुसरा मोठा स्रोत छतातच आहे. प्रवेशाकडून छत आधी खालच्या पातळीवर वळते, मग एकदम उंच चढते आणि त्या सर्वोच्च जागी कवचांच्या मध्ये काचेचा मोठा आडवा पट्टा आहे. बसलेल्या माणसाला काच सहज दिसत नाही, वळणाऱ्या पृष्ठभागावरून घसरत खाली येणारा उजेड तेवढा दिसतो. त्यानंतर छत पुन्हा उतरते आणि वेदीच्या वर येते. डेन्मार्कमध्ये हिवाळ्यात सूर्य क्षितिजापासून फार वर येत नाही आणि दिवस सहा-सात तासांचा असतो. अशा हवामानात उभ्या भिंतीतल्या खिडकीपेक्षा माथ्यावरून घेतलेला आणि पांढऱ्या पृष्ठभागावर पसरवलेला उजेड जास्त उपयोगाचा ठरतो. डॅनिश वास्तुकार अतिशय साध्या इमारतींतही वरून येणाऱ्या उजेडासाठी एवढा आटापिटा करतात, त्याचे मूळ या हवामानात आहे.

लुथरन उपासनेचा विचार केल्याशिवाय या खोलीचा आकार नीट समजत नाही. कॅथलिक परंपरेत वेदीकडची जागा पाळकांची आणि बाकीची लोकांची, असे विभाजन बराच काळ इमारतीतच कोरलेले होते. लुथरच्या शिकवणीत देवाचे वचन ऐकणे आणि मंडळीने एकत्र गाणे याला मध्यवर्ती स्थान मिळाले. डेन्मार्कमध्ये तर गाण्याला त्याहूनही मोठे महत्त्व आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील पाळक, कवी आणि शिक्षणसुधारक ग्रुंटविग याने लिहिलेली शेकडो गीते आजही तेथील उपासनेचा कणा आहेत. त्यामुळे वेदी, उपदेशपीठ आणि बाप्तिस्म्याचे कुंड ही तिन्ही सर्वांच्या नजरेत हवीत, बोललेला शब्द स्पष्ट पोहोचला पाहिजे आणि गायलेला सूर मात्र किंचित रेंगाळला पाहिजे. या शेवटच्या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. गोल घुमटाखाली आवाज एका बिंदूवर गोळा होतो, समांतर सपाट पृष्ठभागांमध्ये तो पुन्हा पुन्हा उसळतो. येथे छताची वक्रता आणि उंची सतत बदलत असल्याने आवाज विखुरला जातो, आणि वरच्या मोठ्या पोकळीमुळे गाण्याला भरीवपणा येतो. या चर्चची ध्वनिव्यवस्था चांगली मानली जाते आणि तेथे संगीताचे कार्यक्रमही होतात, हे या आकाराच्या बाजूने दिलेले सर्वात व्यवहार्य प्रमाण आहे.

वेदीच्या मागे उंच पडदा उभा करण्याऐवजी उत्झनने पांढऱ्या विटांची एक बुटकी जाळीदार भिंत उभारली आहे. तिच्यात त्रिकोणांची नक्षी सतत पुनरावृत्त होते आणि ती त्रैक्याची (पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा एकाच देवाची) खूण म्हणून वाचली जाते. चित्र नाही, मूर्ती नाही. बाके फिकट लाकडाची आहेत. सगळ्या खोलीत गडद रंग दिसतो तो प्रामुख्याने कापडांत, आणि ती कापडे उत्झनची मुलगी लिन हिने केली आहेत. पाळकांची उपासनेची वस्त्रे चर्चच्या वर्षातील काळानुसार बदलतात, म्हणून हिरवा, जांभळा, लाल हे रंग आळीपाळीने या पांढऱ्या खोलीत येतात. खोली स्वतः इतकी निःशब्द ठेवण्यामागे हा हिशेब असावा, असे मला वाटते. भिंतींनाच रंग दिले असते तर वर्षाचे हे चक्र त्यांत हरवून गेले असते.

बाहेरच्या रूपावरचा आक्षेप

इतके सगळे आत असताना बाहेर एवढी रुक्षता का, हा आक्षेप मात्र सहज उडवून लावता येत नाही. बचावात दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली परंपरेची. डेन्मार्कच्या खेड्यापाड्यांत बाराव्या-तेराव्या शतकापासूनची चुन्याने रंगवलेली शेकडो पांढरी चर्चेस आहेत आणि त्यांतील अनेकांच्या त्रिकोणी भिंतींच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. कोपनहेगनमधले ग्रुंटविगच्या नावाचे विटांचे प्रचंड चर्च, जे १९२१ ते १९४० या काळात वास्तुकार येन्सेन-क्लिंट आणि त्यानंतर त्याचा मुलगा कॉरे क्लिंट यांनी पूर्ण केले, ते याच पायऱ्यांच्या कडेला आकाशाएवढे मोठे करते. बाउस्व्हेरची कड त्याच घराण्यातली आहे, फक्त येथे ती अलंकार म्हणून येत नाही. मार्गिकांची उंची आतल्या छताच्या चढउताराबरोबर २.२ मीटरच्या मापाने बदलते आणि त्यातून पायऱ्या आपोआप तयार होतात. म्हणजे आतल्या छताचा आकार बाहेरून अगदीच लपलेला नाही, तो ठोकळ्यांच्या भाषेत उतरवलेला आहे, एवढेच.

दुसरी बाजू झाडांची. उत्झनने सुरुवातीपासून इमारतीभोवती झाडे गृहीत धरली होती, आणि आज भूर्जाची झाडे भिंतींना लागून उभी आहेत. पांढऱ्या खोडांमागे पांढरी भिंत असा विचार त्यात आहे. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. झाडांवर सोपवलेली वास्तुकला पहिली दहा-पंधरा वर्षे उघडी पडते आणि त्या काळात शेजाऱ्यांनी तिला कोठार म्हटले तर दोष शेजाऱ्यांचा नसतो. शिवाय बाहेरून चर्च असल्याची खूण न देण्याची किंमत बाहेरचा माणूस मोजतो, आतला नव्हे. ज्या मंडळीला चारशे वर्षांनी स्वतःची जागा मिळाली तिला हे चालले, हे खरे. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ही इमारत काहीच सांगत नाही, ही तिची उणीव आहेच.

फ्रॅम्पटनचे वाचन

जगभरच्या वास्तुशिक्षणात हे चर्च पोहोचले ते समीक्षक केनेथ फ्रॅम्पटन यांच्यामुळे. १९८३ मध्ये त्यांनी ‘चिकित्सक प्रादेशिकता’ या कल्पनेची मांडणी केली. ही संज्ञा त्याआधी अलेक्झांडर झोनिस आणि लियान लफेव्र यांनी वापरली होती, आणि वैश्विक नागरी संस्कृती विरुद्ध स्थानिक परंपरा हा पेच फ्रॅम्पटन यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांच्याकडून घेतला होता. त्या मांडणीत बाउस्व्हेर हे ठळक उदाहरण आहे. बाहेरचे प्रीकास्ट फलक म्हणजे कोठेही सारखेच असणारे, किफायतशीर, वैश्विक तंत्र. आतले जागेवर घडवलेले कवच म्हणजे खर्चिक, एकमेव, मूल्यांशी निगडित असे काही. त्यातही गंमत अशी की या छेदाच्या आकाराला पूर्वज शोधायचा तर तो युरोपात सापडत नाही, चिनी पॅगोड्याच्या छपरात सापडतो, आणि परकी पूर्वपीठिका असल्यामुळेच हे छत नेहमीच्या धार्मिक प्रतीकांच्या ओझ्यातून सुटते, असे फ्रॅम्पटन यांचे म्हणणे.

वाचन बुद्धिमान आहे आणि चाळीस वर्षे टिकले आहे. पण त्यात फलक एका बाजूला आणि कवच दुसऱ्या बाजूला अशी जी फाळणी होते, ती इमारतीच्या रचनेला मान्य होणारी नाही. कवचाची टोके ज्या चौकटींवर टेकतात त्या चौकटी त्याच स्वस्त पद्धतीच्या आहेत. त्या चौकटी नसत्या तर कवचाला दुसरा आधार द्यावा लागला असता आणि खर्च वेगळा झाला असता. इमारतीच्या बहुतांश भागात, म्हणजे कार्यालये, वर्ग, वाटा यांत, काटकसर केली म्हणून एका खोलीवर पैसे लावता आले. ‘खर्चिक’ हे विशेषणही सापेक्ष आहे: साध्या स्लॅबच्या मानाने कवच महाग, पण १८ मीटर बिनखांबाच्या आणि पुरेशा उंचीच्या खोलीच्या मानाने नाही. पॅगोड्याच्या बाबतीतही सावध राहायला हवे. छेदाची बाह्यरेषा त्या छपराची आठवण करून देत असेल, पण पॅगोड्याचे छप्पर लाकडी कंसांच्या थरांवर तोललेले असते आणि हे कवच लांब आडव्या तुळईसारखे काम करते. चित्रातले साम्य आणि बांधकामातले साम्य या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्झनने चीनकडून जे खरोखर घेतले ते मापाच्या शिस्तीत दिसते, वळणात त्यामानाने कमी.

त्याच काळात मुंबईतही एक तुलनेला योग्य इमारत उभी राहत होती. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या जुन्या जागी चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात नवे काँक्रीटचे चर्च बांधले. तेही कवचाकृती छपरांचे आहे आणि तेथेही उजेड वरून येतो. मात्र कोरियांची कवचे बाहेरून उघडपणे दिसतात, आणि मोकळी अंगणे व सावलीच्या जागा मंडळीला आतून बाहेर सांडू देतात. ते चर्च कॅथलिक आहे आणि हवामान मुंबईचे आहे, त्यामुळे निवाडा करण्याचे कारण नाही. परंतु बंद पेटीचा निर्णय बाउस्व्हेरमध्ये किती प्रमाणात थंडीने आणि रस्त्याने घेतला होता, हे या शेजारी ठेवलेल्या उदाहरणावरून कळते.

या पद्धतीची खरी कसोटी मात्र उत्झनच्याच पुढच्या कामात लागली. कुवेतच्या राष्ट्रीय सभागृहाची स्पर्धा त्याने १९७२ मध्ये जिंकली आणि ती इमारत १९८२ मध्ये पूर्ण झाली. तेथेही ठरावीक मापाच्या खोल्यांची आणि अंगणांची बेरीज आहे, त्यांना जोडणारी मध्यवर्ती वाट आहे, आणि त्या सगळ्याच्या टोकाला ताणलेल्या कापडासारखे झोल दिलेले काँक्रीटचे भव्य छत आहे. फरक दोन. एक, तेथे छताचे घटकही प्रीकास्ट आहेत, म्हणजे बाउस्व्हेरमध्ये जागेवर फवारलेला भागसुद्धा आता कारखान्याच्या शिस्तीत आणला गेला. आणि दुसरा, तेथे ते छत खुल्या चौकावर, समुद्राकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल असे उभे केले आहे. १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने त्या इमारतीला आग लावली. नंतर तिची दुरुस्ती करण्यात आली आणि कुवेतची संसद पुन्हा तेथेच भरू लागली.